2 ऑगस्टच्या आधी तुमचा अंदाज लिहून जाहीर करा

प्रति,
अध्यक्ष व सर्व सदस्य,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, नाशिक
तसेच नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण

विषय: सिंहस्थातील धोक्यांचा अंदाज मराठीत, आकड्यांसह, नागरिकांसमोर मांडण्याबाबत

माननीय महोदय,

2 ऑगस्ट 2016 रोजी गोदावरीला महापूर आला. 4 ऑगस्ट 2019 रोजी पुन्हा आला. आणि 2 ऑगस्ट 2027 रोजी सिंहस्थाची पहिली पर्वणी आहे. 2015 च्या सिंहस्थात नाशिकची पहिली पर्वणी 29 ऑगस्टला होती. म्हणजे या वेळी आपण जवळजवळ चार आठवडे आधी, ऐन पावसाळ्यात, लाखो माणसांना गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, बोलावतो आहोत.

मी संख्याशास्त्र शिकवते. दोन पुरांवरून तिसऱ्याचं भाकीत करता येत नाही, हे मला ठाऊक आहे. 2015 साली तर उलटंच झालं होतं. पाऊस इतका ओढला होता की रामकुंडातल्या स्नानासाठी धरणातून पाणी सोडावं की नाही हा वाद उच्च न्यायालयात गेला. तेव्हा 2027 ला नदी दुथडी वाहील की कोरडी असेल, हे आज कोणीच छातीठोकपणे सांगणार नाही. पण तयारी करणाऱ्याला काहीतरी धरूनच चालावं लागतं. तुम्ही काय धरलं आहे? पुराची शक्यता दहात एक की दहात तीन? आणि ते कुठे लिहून ठेवलं आहे? नाशिककरांना हे कळायला हवं.

हे पत्र लिहायला निमित्त झालं ते जगभरातल्या तज्ज्ञांच्या अंदाजांचं. दर जानेवारीत, दावोसच्या बैठकीच्या तोंडावर, जागतिक आर्थिक मंचाचा धोक्यांविषयीचा अहवाल येतो. वर्तमानपत्रं त्यातला पहिला क्रमांक छापतात आणि विषय संपतो. मी गेल्या तीन वर्षांचे क्रमांक शेजारी शेजारी ठेवून पाहिले. चालू वर्षात सर्वांत मोठं संकट कशाचं, या प्रश्नाला 2024 मध्ये उत्तर होतं टोकाचं हवामान. 2025 मध्ये 900 हून अधिक तज्ज्ञांना विचारलं, तेव्हा देशादेशांतलं युद्ध वर आलं. 23 टक्के लोकांनी ते पहिलं धरलं. 2026 मध्ये आयात शुल्क, निर्बंध, बंदी अशी देशांमधली आर्थिक कुरघोडी पहिली आली. तीन वर्षांत तीन उत्तरं. पण दहा वर्षांनंतर काय, असं विचारलं की तिन्ही वर्षी उत्तर एकच येतं: टोकाचं हवामान. जवळचं सांगताना तज्ज्ञांच्या डोळ्यांपुढे आदल्या वर्षाच्या बातम्या असतात, लांबचं सांगताना ते डळमळत नाहीत, असा मी याचा अर्थ लावते. आपल्या कामाचं आहे ते दुसरं उत्तर. ते सहसा पहिल्या पानावर येत नाही.

या याद्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवा, असं मी म्हणत नाही. जानेवारी 2020 चा अहवाल काढून बघा. शक्यतेच्या क्रमाने पहिल्या दहा धोक्यांत साथीचा रोग नव्हताच. परिणामांच्या यादीत तो होता, तोही दहावा. त्याच महिन्याच्या 30 तारखेला केरळात भारतातला पहिला कोरोना रुग्ण सापडला. विशेष म्हणजे, चारच महिने आधी, सप्टेंबर 2019 मध्ये, जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँक यांनी मिळून नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाने श्वसनमार्गाच्या वेगाने पसरणाऱ्या रोगाचा इशारा स्पष्ट शब्दांत दिला होता. माहिती होती. क्रमवारीत मात्र ती तळाशी राहिली.

आणखी एक अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. 2022 मध्ये अमेरिकेतल्या एका संशोधन संस्थेने दोन प्रकारच्या लोकांना एकत्र बसवलं. एका बाजूला अण्वस्त्रं, साथी, कृत्रिम बुद्धिमत्ता अशा विषयांतले तज्ज्ञ. दुसऱ्या बाजूला ज्यांची भाकितं आजवर सातत्याने खरी ठरली आहेत असे सामान्य पण मुरलेले अंदाजकर्ते. प्रश्न असा होता: 2100 पर्यंत जगातली दहा टक्के माणसं थोड्या काळात मरतील असं एखादं संकट येण्याची शक्यता किती? तज्ज्ञांचं मधलं उत्तर 20 टक्के आलं, अंदाजकर्त्यांचं 9 टक्के. कित्येक महिने चर्चा झाली, एकमेकांचे युक्तिवाद वाचले, तरी अंतर फारसं मिटलं नाही. याचा अर्थ तज्ज्ञांना काही कळत नाही, असा नव्हे. इतक्या मोठ्या प्रश्नांवर एकमत होण्याची वाट बघत बसता येत नाही, एवढाच मी त्यातून बोध घेते. नऊ टक्के धरा नाहीतर वीस, तयारीला लागावंच लागतं.

फिलिप टेटलॉक या मानसशास्त्रज्ञांनी 284 तज्ज्ञांची हजारो राजकीय-आर्थिक भाकितं दोन दशकं जपून ठेवली आणि मग ताडून पाहिली. बहुतेकांचा निकाल फार निराशाजनक होता. एकाच मोठ्या सिद्धान्ताला चिकटून बसणारे सर्वांत जास्त चुकले. जे चार ठिकाणची माहिती गोळा करत आणि नवं काही कळलं की आपला आकडा बदलत, ते बरे ठरले. पण हे कळलं कशामुळे? भाकितं आधी, आकड्यांत, तारखेसह लिहून घेतली होती म्हणून. नंतर कोणाला ‘मी तसं म्हणालोच नव्हतो’ असं म्हणता आलं नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे येते.

जगावरचे हे धोके फार दूरचे, दावोस-न्यूयॉर्कचे वाटतात. नाशिकने त्यांची किंमत मात्र मोजलेली आहे. 2023 च्या अखेरीस येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. सुएझ कालव्यातून युरोपला जाणारी मालवाहू जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला, भाडी कडाडली, आणि नेमका तोच काळ आपल्या द्राक्षांच्या निर्यातीचा होता. निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराने वर्षभर औषधफवारणीचा काटेकोर हिशेब ठेवून पिकवलेला माल शीतपेटीत जास्तीचे दोन आठवडे समुद्रावर राहिला. अहवालाच्या भाषेत हा ‘सशस्त्र संघर्ष’. पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये त्याला वेगळंच नाव असणार.

कांद्याचंही तसंच. 2023 चा ऑगस्ट हा 1901 पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. त्याच महिन्यात कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क आलं, डिसेंबरात निर्यातच बंद झाली, आणि लासलगावला भाव कोसळले. हवामानातून सुरू झालेली साखळी व्यापारधोरणातून फिरून शेतकऱ्याच्या दारात थांबली. अहवालात हे दोन वेगळे धोके आहेत, दोन वेगळ्या रंगांत छापलेले.

सगळ्यांत जड आठवण 21 एप्रिल 2021 ची. त्या दिवशी आपल्या शहरातल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा खंडित झाला आणि 22 रुग्ण गेले. जगाच्या यादीत त्या संकटाचं नाव ‘महामारी’ होतं. आपल्याकडे ते टाकीच्या जोडणीतून आलं. मोठ्या धोक्यांची चर्चा करताना मला तुमच्याकडून नेमकी याच पातळीवरची माहिती हवी आहे: कोणती टाकी, कोणता पूल, कोणता जिना, कोणता दरवाजा. जगाचा धोका आपल्या गावात कुठून शिरतो ते ठिकाण शोधणं हे दावोसचं काम नाही, तुमचं आहे.

म्हणून 2 ऑगस्ट 2027 पुन्हा समोर ठेवते. रात्रभर त्र्यंबकच्या डोंगरात पाऊस कोसळतो आहे. काश्यपी आणि गौतमी-गोदावरी धरणांचं पाणी गंगापूरमध्ये येतं आहे. गंगापूरचा विसर्ग वाढवावा लागणार आहे. शिवाय धरणाच्या खालच्या बाजूला, शहरात पडलेल्या पावसाचं पाणी वाघाडी नाल्यातून आणि इतर असंख्य नाल्यांतून थेट नदीत येतं. त्याला कुठेही दरवाजा नाही, ते थांबवता येत नाही. पहाटे चार वाजता गंगाघाटावर माणसांचा समुद्र आहे. आखाड्यांच्या मिरवणुका तपोवनातून निघालेल्या आहेत. मोबाइलचं नेटवर्क गर्दीने गुदमरलं आहे. अशा वेळी एखादा आवाज फिरतो: धरण फुटलं. आज तो आवाज एखाद्या अधिकाऱ्याच्या हुबेहूब आवाजात, चित्रफितीसह बनवता येतो.

दावोसच्या त्याच अहवालात, 2024 आणि 2025 या दोन्ही वर्षी, पुढच्या दोन वर्षांचा पहिला धोका म्हणून तज्ज्ञांनी खोटी माहिती निवडली होती. अनेकांना तो निवडणुकीपुरता प्रश्न वाटला. आपल्या शेजारी, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, 1 जुलै 2018 रोजी मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षेकरी समाजातल्या पाच निरपराध माणसांना ठार मारलं. त्याच सुमारास मालेगावातही अशाच अफवेने चिडलेल्या जमावाच्या तावडीतून एका कुटुंबाला पोलिसांनी कसंबसं सोडवलं. अफवेने माणसं मरतात, हे आपल्याला परदेशी अहवालातून शिकायची गरज नाही. आणि गर्दीने काय होतं तेही नाही. 27 ऑगस्ट 2003 रोजी पंचवटीच्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरीत 39 भाविक गेले. त्या दिवशी ना पूर होता, ना मोबाइलवर फिरणारी चित्रफीत. प्रयागराजला 29 जानेवारी 2025 रोजी, कोरड्या हवेत, नदीकाठच्या विस्तीर्ण वाळूवर, अधिकृत आकड्यानुसार 30 जण गेले. आपल्याकडे तेवढी मोकळी जागा नाही. नदी अरुंद, घाट अरुंद, त्यांना मिळणारे बोळ त्याहून अरुंद.

पाऊस जलसंपदा खात्याकडे, गर्दी पोलिसांकडे, घाट महापालिकेकडे, अफवा सायबर शाखेकडे, रुग्ण आरोग्य खात्याकडे. प्रत्येक खातं आपल्या वाट्याची तयारी मनापासून करत असेल, यावर माझा विश्वास आहे. अनेक कर्मचारी घरदार विसरून राबतात, हे 2015 ला शहराने पाहिलं आहे. पण वर वर्णन केलेली पहाट एकाही खात्याची नाही. ती पाचही खात्यांच्या मधल्या फटीत घडते. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 ने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली तुमचं प्राधिकरण केलं ते या फटी बुजवण्यासाठीच. त्याच कायद्याने जिल्हा आराखड्याचा दरवर्षी आढावा घेणं बंधनकारक केलं आहे.

माझी मागणी बोटी आणि लाइफ जॅकेट वाढवा अशी नाही. ते तुम्ही करालच. मला हवा आहे तो लिहून ठेवलेला अंदाज. पहिल्या पर्वणीच्या दिवशी होळकर पुलाखाली पाणी अमुक क्युसेकच्या (म्हणजे सेकंदाला अमुक घनफुटांच्या) वर असण्याची शक्यता किती टक्के, हे भारतीय हवामान खात्याच्या नोंदी आणि धरणांचे जुने विसर्ग पाहून काढता येतं. कठीण आहे, अशक्य नाही. मग किती क्युसेकला रामकुंडावरचं स्नान थांबवून भाविकांना इतर घाटांवर वळवायचं, तो आकडा आत्ता ठरवावा. तो निर्णय कोण घेणार, त्या एका पदाचं नाव जाहीर करावं. आणि आखाड्यांच्या महंतांशी बसून हा आकडा त्यांच्याकडून आजच मान्य करून घ्यावा. पर्वणीच्या पहाटे, मिरवणूक निघाल्यावर, कोणताही अधिकारी कितीही धाडसी असला तरी ती बोलणी करू शकणार नाही. मला सगळ्यात जास्त काळजी याच एका मुद्द्याची वाटते. बाकीचं सगळं पैशाने आणि मनुष्यबळाने होईल. हे फक्त आधी ठरवल्यानेच होईल.

अंदाज काढताना कोणाला विचारता, हेही महत्त्वाचं आहे. सल्लागार कंपन्यांना विचारा, आयआयटीच्या प्राध्यापकांना विचारा. पण नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठल्या अंगाला पाणी लागलं की सराफ बाजारात शिरायला किती वेळ उरतो, हे भांडी बाजारातल्या दुकानदारांना तोंडपाठ आहे. रामकुंडावरच्या जीवरक्षकांना कोणत्या पायरीवर माणूस घसरतो ते माहीत आहे. सायखेडा-चांदोरीच्या लोकांना नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्याचा फुगवटा किती वेगाने गावात येतो, याची अनुभवाने खात्री आहे. वरच्या अंगाला पाऊस कसा सुरू होतो ते त्र्यंबक तालुक्यातल्या पाड्यांवरच्या माणसांना विचारा. हे सगळे तज्ज्ञच आहेत. त्यांच्याकडे पदवी नाही, नोंद आहे.

मात्र त्यांना सभागृहात एकत्र बसवून ‘तुम्हाला काय वाटतं’ असं विचारू नका. आपल्या बैठकांत पहिल्यांदा साहेब बोलतात आणि मग सगळ्यांचं मत तेच होतं. रँड या अमेरिकी संस्थेत 1950 च्या दशकात यावर एक साधी पद्धत निघाली: प्रत्येकाने एकट्याने, निनावी, आपला आकडा कागदावर लिहायचा. मग सगळे आकडे कारणांसह सर्वांना दाखवायचे. मग पुन्हा एकदा लिहायला सांगायचं. डेल्फी पद्धत म्हणून ती ओळखली जाते. यात खर्च कागदाचा आहे. हवामानशास्त्रज्ञ, पोलीस निरीक्षक, जीवरक्षक आणि दुकानदार या चौघांचे आकडे एकमेकांपासून फार लांब निघाले, तर ते लांब निघणं हीच सर्वांत मोलाची माहिती असेल, कारण जिथे अंतर आहे तिथे कोणालातरी असं काही ठाऊक आहे जे दुसऱ्याला नाही.

अफवेचा बंदोबस्त अफवा पसरल्यावर होत नाही. लोकांनी कोणाचं ऐकायचं हे आधी ठरलेलं असलं तरच ऐन वेळी ऐकलं जातं. एकच क्रमांक, एकच ध्वनिक्षेपक यंत्रणा, ठरलेला भोंगा, आणि संदेश मराठीबरोबर हिंदी, गुजराती, तेलुगूतही. मोबाइल टॉवरवरून त्या परिसरातल्या सगळ्या फोनवर एकदम इशारा वाजवण्याची चाचणी केंद्र सरकारने 2023 मध्ये देशभर घेतली होती. ती सोय पर्वणीआधी पंचवटीत पुन्हा पुन्हा वापरून लोकांच्या कानाला सवय लावा.

तपोवनातल्या झाडांबद्दल इथे विस्ताराने लिहीत नाही, त्यावर शहरात पुष्कळ बोललं गेलं आहे. एवढंच नोंदवते की दावोसच्या अहवालातल्या दहा वर्षांच्या यादीत टोकाच्या हवामानाखालोखाल दुसरा धोका जैवविविधतेच्या ऱ्हासाचा आहे. साधुग्रामासाठी, म्हणजे साधूंच्या तात्पुरत्या वसाहतीसाठी, झाडं तोडण्याचा प्रस्ताव आला तेव्हा तो वृक्ष प्राधिकरणाचा विषय मानला गेला, आपत्ती व्यवस्थापनाचा नाही. तो तुमच्याही टेबलावर यायला हवा होता. पाणी धरून ठेवणारी जमीन आणि सावली देणारी झाडं ही पूर आणि उष्णता या दोन्ही धोक्यांच्या हिशेबात धरावी लागतात.

अंदाज चुकेल, अशी भीती तुम्हाला वाटत असेल. आकडा छापला, तसं झालं नाही, तर विधिमंडळात प्रश्न येतील, वाहिन्यांवर चर्चा होतील. ही भीती मी समजू शकते. पण 30 टक्के शक्यता सांगितलेला पूर आला नाही, तर तो अंदाज चुकला असं होत नाही. असे अंदाज वर्षानुवर्षं मांडून, 30 टक्के म्हटलेल्या गोष्टी खरोखर दहापैकी तीन वेळा घडतात का, हे बघावं लागतं. हवामानवाल्यांनी ही मोजणी 1950 पासून विकसित केली आहे. आपल्याकडे ती सुरूच झाली नाही, कारण आकडा कधी लिहिलाच गेला नाही. दरवर्षी दिवाळीनंतर त्या पावसाळ्याचा हिशेब एका पानात जाहीर करा: आम्ही काय धरलं होतं, काय घडलं, पुढच्या वर्षी काय बदलतो. असं करणारा महाराष्ट्रातला पहिला जिल्हा नाशिक व्हावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

31 ऑक्टोबर 2026 ला सिंहस्थाचं ध्वजारोहण आहे. तोपर्यंत पहिला मसुदा निघावा. तो महापालिकेच्या विभागीय कार्यालयांत, पंचवटीतल्या वाचनालयांत, त्र्यंबक, निफाड आणि दिंडोरीच्या तहसील कचेऱ्यांत मराठीत लावावा आणि त्यावर लोकांकडून लेखी सूचना घ्याव्यात. 2027 च्या मे महिन्यात, पावसाचा दीर्घकालीन अंदाज हाती आल्यावर, त्यातले आकडे सुधारून पुन्हा छापावेत. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात रोज सायंकाळी एकदा, ठरलेल्या वेळी, धरणाचा साठा, विसर्ग आणि दुसऱ्या दिवशीच्या पुराची टक्केवारी रेडिओवर आणि घाटावरच्या ध्वनिक्षेपकावर सांगितली जावी.

आकडे तपासण्यासाठी, जुन्या नोंदी लावण्यासाठी माणसं लागतील. शहरातल्या महाविद्यालयांत गणित, संख्याशास्त्र आणि भूगोलाचे शेकडो विद्यार्थी आहेत. त्यांना कामाला लावा. माझे विद्यार्थी घेऊन मी तुम्ही सांगाल त्या दिवसापासून यायला तयार आहे. त्यासाठी कोणतंही मानधन नको. फक्त गंगापूर धरणाचे 1969 पासूनचे विसर्ग आणि होळकर पुलावरची पाणीपातळी या नोंदी आम्हाला उपलब्ध करून द्याव्यात.

आपली,
पंचवटीत राहणारी संख्याशास्त्राची एक शिक्षिका